बकुळीखालच्या परुळेकर बाई

परुळेकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या ब्लॉकसमोरच्या झाडाखाली उकिडव्या बसून जमिनीकडे बघत होत्या. फिकट निळी सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज आणि खांद्याला फुगलेली कापडी पिशवी. मला ऑफिसला जायची घाई होती, तरी थांबले. वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय.

"काय शोधताय?" मी मराठीतच विचारलं.

त्या दचकल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, मग दोन्ही बाजूंना. मग हळूच म्हणाल्या, "इथं पडलेलं उचललं तर चालतं का हो? दंड नाही ना बसत?"

त्यांच्या पुढ्यात केशरी रंगाची पाच-सहा फळं पडली होती. लहान खारकेएवढी, टोकाला निमुळती. सिंगापुरातल्या बिशानच्या त्या ब्लॉकमध्ये मी चार वर्षं राहत होते. रोज त्याच झाडाखालून एमआरटी स्टेशनकडे, मेट्रो पकडायला जात होते. त्याला फळं येतात हे मला माहीत नव्हतं.

"कसली आहेत ही?"

"अहो, बकुळ ही. आमच्याकडे ओवळ म्हणतात. वेंगुर्ल्याला." त्यांनी मान वर करून त्या काळपट हिरव्या, दाट झाडाकडे पाहिलं. "काल इथं राहायला आलो. खिडकी उघडली आणि वास आला. यांना म्हटलं, मला भास होतोय की काय."

त्या दिवशी त्यांनी एकही फळ उचललं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र इंग्रजी बोलायला मला बरोबर घेऊन त्यांनी झाडणाऱ्या अंकलना गाठलं. अंकल सत्तरीचे, चिनी, तोंडात कायम न पेटवलेली सिगारेट. मी विचारलं तशी ते फळांकडे आणि मग आमच्याकडे बघत म्हणाले, "टेक लाह, आंटी. लेस फॉर मी टू स्वीप."

"काय म्हणाले?"

"घ्या म्हणाले. तेवढाच कचरा कमी."

"म्हणजे हरकत नाही ना? लिहून देतील का?"

लिहून काही मिळालं नाही. पण बाईंनी दोन फळं रुमालात घेतली, घरी नेऊन तीनदा धुतली, आणि एक मला दिलं. गर पिठूळ, थोडा गोड आणि सगळं तोंड आवळून टाकणारा तुरट. मला मुळीच आवडलं नाही. बाई मात्र डोळे मिटून खात होत्या.

काळजी करणं हा बाईंचा पिंड होता. वेंगुर्ल्याजवळच्या एका प्राथमिक शाळेत बावीस वर्षं शिकवून, राजीनामा देऊन त्या नवऱ्यामागे सिंगापूरला आल्या होत्या. परुळेकरांचं ऑफिस जुरोंग ईस्टला. सकाळी पोचल्यावर त्यांनी "पोचलो" एवढा एक शब्द पाठवायचा, असा नियम होता. तो आला नाही की बाई ब्लॉकच्या तळाशी असलेल्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, येरझारा घालायच्या. खांबापासून खांबापर्यंत. एकदा त्यांना तसं पाहून मी म्हणाले, "बाई, काही होत नाही." त्या थांबल्या. "काही होत नाही असं कोणी म्हटलं ना, की मला जास्त भीती वाटते," म्हणाल्या.

त्यांच्या पिशवीत छत्री असायची, टॉर्च असायचा, मीठ-साखरेच्या पुड्या, सेफ्टी पिना, शिट्टी, दोघांच्या इथं राहण्याच्या पासांच्या झेरॉक्स. आणि त्रिकोणी घड्या घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, अगदी ढीगभर. वीज चमकली की लिफ्ट टाळून नवव्या मजल्यापर्यंत जिना. हवेत धूर दाटायचा त्या दिवसांत दर तासाला त्या मला हवेच्या प्रदूषणाचा आकडा पाठवायच्या. मी मीटिंगमध्ये असायचे, फोन थरथरायचा आणि पडद्यावर नुसता आकडा. सईला, माझ्या मुलीला, त्या गमतीशीर वाटायच्या. मला कधीकधी त्यांचा कंटाळा यायचा, हेही खरं.

पण झाडाखाली त्या वेगळ्या असायच्या. सकाळी फुलांचा सडा पडलेला असे. नखाएवढी, पिवळट पांढरी, मधे भोक असलेली फुलं. बाई ती पदरात गोळा करायच्या. समोरच्या ब्लॉकमधली एक म्हातारी मलाय बाई, जिला सगळे मकचिक म्हणत, तीही रोज तिथं यायची. तिच्या भाषेत या झाडाचं नाव तान्जोंग. ती फुलं कपड्यांच्या घड्यांत ठेवायची. या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी दगडी बाकावर मांडीत फुलं घेऊन त्या अर्धा-अर्धा तास बसत. एक म्हणायची "तान्जोंग", दुसरी म्हणायची "ओवळ", आणि दोघी मान डोलवायच्या. तेवढ्या वेळात बाई एकदाही फोनकडे बघत नसत.

वर्गाची कल्पना माझी. सई मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. एकदा तिनं फोनवर आजीला सांगितलं, "मी केली खाल्ली." आजी तिकडून विचारत राहिली, "काय केलीस?" तो फोन ठेवल्यावर मी खाली गेले आणि बाईंना म्हणाले, "रविवारी सकाळी मुलांना शिकवाल का? व्हॉइड डेकवर."

त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच मावळला. "परवानगी?"

परवानगी मी काढली. तो कागद बाईंनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवला आणि दर रविवारी अडकवत राहिल्या. चौदा मुलं जमली. काही आमच्या वसाहतीतली, काही थेट सेंगकांगहून येणारी. मी चहा, सतरंज्या आणि हजेरी सांभाळायची. बाई दर पाच मिनिटांनी शिकवता शिकवता बोटानं हवेत मुलं मोजायच्या. चौदा भरली की पुढचं वाक्य.

मुलांना बाकी सगळे उच्चार येत होते, फक्त ळ येत नव्हता. बाळाचं बाल, काळ्याचं काला. बाईंनी दोन रविवार टाळूला जीभ लावून दाखवली. तिसऱ्या रविवारी त्या एका डब्यात बकुळीची पिकलेली फळं घेऊन आल्या. धुतलेली, पुसलेली, अर्धी-अर्धी केलेली, बी काढलेली.

"चावा. लगेच गिळू नका. आता जीभ कुठे जातेय ते बघा."

चौदा तोंडं वाकडी झाली. त्या तुरटपणात जीभ आपोआप गोळा होऊन वर टाळूकडे जाते.

"तिथंच ठेवा. आता म्हणा, बकुळ."

"बकुळ," मुलं म्हणाली. कपाळाला आठ्या घालून, पण म्हणाली. मागे उभ्या असलेल्या दोन बापांनी टाळ्या वाजवल्या. मी बाईंकडे पाहिलं. त्या मुलं मोजायला विसरल्या होत्या.

सगळ्यांत चांगला ळ अन्वीचा. वर्गातली सर्वांत लहान, सात वर्षांची, पुढचे वरचे दोन दात पडलेली. तिला आणखी एक फळ हवं होतं. तिनं आईच्या फोनवर त्याचं इंग्रजी नाव शोधून काढलं, "बाई, इंटरनेट सेज इट्स अ मेडलर."

"मेडलर म्हण नाही तर बकुळ म्हण," बाई म्हणाल्या, "पण मला दाखवल्याशिवाय आणि धुतल्याशिवाय खायचं नाही. हिरवं असेल तर नाहीच. केशरी झालं की चालतं."

त्यानंतर फळं असतील त्या प्रत्येक रविवारी ळचा तास झाडाखाली होऊ लागला. कोवळं, पिवळं, जांभळं, साळुंकी. मुलांना तो आवडायचा. बाई तर आदल्या दिवसापासून त्याची तयारी करायच्या.

असाच एक रविवार होता. पावणेबाराचा सुमार. बाईंनी फळं गोळा केली आणि धुवायला नळाकडे निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "माधवी, चौदा आहेत. मोजत राहा."

"हो," मी म्हणाले.

माझा फोन वाजला. ऑफिसमधला एक जण, सोमवारच्या कामाबद्दल काहीतरी विचारत होता. मी दोन पावलं बाजूला झाले. मुलांकडे पाठ केली असेन, नक्की आठवत नाही. बाई डबा घेऊन परत आल्या, हवेत बोट फिरवलं आणि थांबल्या. पुन्हा फिरवलं.

"तेरा," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "असेल इथंच." अजून फोन माझ्या कानालाच होता. बाईंनी डबा बाकावर ठेवला, शिट्टी काढली आणि इतक्या जोरात वाजवली की वरच्या मजल्यांवर खिडक्या उघडल्या. शिट्टीच्या मागोमाग रडणं ऐकू आलं, कार पार्कच्या बाजूनं.

अन्वी सायकलींच्या रॅकमागे, कुंपणाच्या झाडीपाशी बसली होती. दोन्ही हातांनी तोंड धरलं होतं. ओठ लाल, लाळ गळत होती, फ्रॉकवर उलटी. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "काय खाल्लंस गो चेडवा? सांग माका. काय खाल्लंस?" त्या मालवणीत बोलत होत्या आणि त्यांना ते कळत नव्हतं. अन्वी नुसती मान हलवत होती. तिला बोलताच येत नव्हतं.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. अन्वीची आई मृणाल बाजारात गेली होती, ती पिशव्या टाकून धावत आली. तिनं एकदाच विचारलं, "कोणी बघत नव्हतं का?" आणि उत्तराची वाट न पाहता ती मुलीबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढली. दार बंद होण्याआधी आतल्या माणसानं विचारलं, "व्हॉट डिड शी ईट?" 

ॲम्ब्युलन्स गेली. बाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, या आता इथंच खाली बसतील. पण त्या वळल्या आणि मुलांकडे गेल्या. एकेकाला जवळ घेऊन, आवाज न चढवता विचारू लागल्या. आठव्या की नवव्या नंबरला सई होती. ती म्हणाली, "शी सेड ऑरेंज मीन्स कॅन ईट. बाई सेड सो. देन शी वेंट देअर." तिनं कार पार्ककडे बोट दाखवलं.

"बाई सेड सो" हे बाईंना नीट समजलं. त्यांनी सईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि साडीचा पदर खोचला.

मुलांना न्यायला पालक येऊ लागले होते. मी सईला शेजारणीकडे सोपवून बाईंच्या मागे गेले. त्या झाडीत दोन झाडं होती, पाच-सहा पावलांच्या अंतरानं. एकीकडे पिवळी कण्हेर. बाई तिच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही असेल तर मुलीचं हृदय बंद पडू शकतं. बी चावलं असेल तर." असं बोलताना त्यांचे दात वाजत होते. दुपारचं ऊन होतं, तरी वाजत होते.

त्या कण्हेरीखाली ओणव्या झाल्या. एकेक फळ उचलून उलटसुलट करून बघत होत्या. मकचिक त्यांना वरून पाहून खाली आली, तिनं काही न विचारता दुसऱ्या बाजूनं शोधायला सुरुवात केली. अंकल झाडू घेऊन उभे होते. बाईंनी त्यांच्या केराची टोपलीही उपसली. कण्हेरीचं एकही फळ चावलेलं नव्हतं. "पण अख्खं गिळलं असेल तर?" बाई स्वतःलाच विचारत होत्या. 

मग त्या दुसऱ्या झाडाकडे गेल्या. माडासारख्या बारीक खोडांचा पुंजका, माशाच्या शेपटीसारखी पानं, आणि जटांसारखे लोंबणारे घोस. त्यांना लालसर केशरी, गोल फळं. खाली पालापाचोळ्यात एक फळ अर्धवट चावून टाकलेलं. झाडीच्या सावलीत बाईंनी ते टॉर्चच्या उजेडात धरलं. सालीवर दातांच्या खुणा होत्या आणि मधे, दोन दातांच्या जागी, काहीच नव्हतं.

"हे तिनंच चावलंय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडच्या भेरल्या माडाचा हा भाऊ दिसतो. त्याची फळं अंगाला लागली तरी आग होते. पण हा इथला. हा काय करतो, मला कसं कळणार? डॉक्टरला काय सांगू?"

"आपण फळ घेऊन जाऊ ना, ते बघतील," मी म्हणाले.

त्यांनी माझं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी घोसातलं एक पिकलं फळ तोडलं. ज्यांनी पडलेलं उचलायलाही परवानगी मागितली होती, त्यांनी तोडलं, आणि त्याला दात लावला.

"बाई, काय करताय?"

"थांब."

त्या खोडाला हात लावून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. मकचिकनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. अर्धं मिनिट गेलं असेल, कदाचित जास्त. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खालचा ओठ फुगायला लागला. त्या थुंकल्या, पुन्हा थुंकल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"हाच," त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या. "ह्यानंच आग होते. कण्हेर नाही. देव पावला गो, हाच तो."

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या तीन पिशव्या काढल्या. एकीत चावलेलं फळ, एकीत घोस, एकीत पान. आम्ही टॅक्सीत बसलो. मुलांचं हॉस्पिटल येईपर्यंत बाई त्या पिशव्या मांडीवर धरून होत्या आणि मला सारखं एकच विचारत होत्या, "उशीर झाला का? आपल्याला किती वेळ लागला?"

तिथली डॉक्टर तरुण होती. तिनं पिशव्या घेतल्या, पान उजेडात धरलं, आत जाऊन कोणाशी तरी बोलून आली. मग तिची नजर बाईंच्या ओठाकडे गेली.

"आंटी, यू ऑल्सो एट?"

"लिटल ओन्ली," बाई म्हणाल्या. "फॉर चेकिंग."

"प्लीज डोंट डू चेकिंग," डॉक्टर म्हणाली. तिला राग आला होता असं मला वाटलं. मग ती खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसली आणि त्यांच्या तोंडात टॉर्च मारून बघू लागली. बघता बघता तिनं सांगितलं की या फळात सुईसारखे बारीक कण असतात, त्यानं आग होते, सूज येते, पण हृदयाला धोका नाही. घशाची सूज वाढत नाही ना हे बघायला मुलीला उद्यापर्यंत ठेवू. मी ते मराठीत सांगितलं. बाईंनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अन्वी घरी आली. तिला आइस्क्रीम खायला सांगितलं होतं, त्यामुळे ती खूश होती. बाईंचा ओठ उतरायला तीन दिवस लागले.

पुढच्या रविवारी वर्ग झाला नाही. पालक माझ्या घरी जमले. आठवडाभर ग्रुपवर मेसेज चाललेच होते, आता सगळे समोरासमोर बसले. सेंगकांगहून येणारा एक बाप म्हणाला, "रानातली फळं खायला घालायला हे काय गाव आहे?" कोणीतरी म्हणालं, बाईंचा हेतू चांगला होता. कोणीतरी म्हणालं, हेतूचं काय करायचं. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

 मग मृणालनं शांतपणे विचारलं, "मला एकच समजून घ्यायचंय. त्या वेळी मुलं मोजायला कोणी नव्हतं का?"

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं, आता बोलायला हवं. तोंड उघडलंही असेल.

"होते ना," बाई म्हणाल्या. "मी होते. माझ्याकडून राहिलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठल्या, गळ्यातलं परवानगीचं पाकीट काढलं, हजेरीची वही काढली, दोन्ही टेबलावर ठेवलं. "मुलांना ळ येतोय आता," म्हणाल्या. "सोडू नका." आणि गेल्या. मी सगळ्यांना चहा दिला.

वर्ग पुढे जुरोंग ईस्टच्या एका काँडो सोसायटीच्या हॉलमध्ये सुरू झाला. एसी, प्रोजेक्टर, छापील कागद. मी सईला नेत होते. बाईंना मात्र टाळत होते. त्या लिफ्टपाशी दिसल्या तर मी दुसऱ्या लिफ्टकडे वळायचे. खिडकीतून त्या दिसायच्या. रोज सकाळी उजाडल्यावर त्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून कार पार्कच्या झाडीत जायच्या आणि त्या माडाखाली पडलेली फळं एकेक करून उचलायच्या. त्यांच्या मनगटांवर चट्टे उठले होते, ते मी एकदा लांबून पाहिले. शाळेत निघालेली मुलं तिथून जाण्याआधी झाडाखालची जमीन साफ झालेली असे. मग त्या बकुळीकडे यायच्या, पण बाकावर बसायच्या नाहीत. मकचिक एकटी बसलेली असायची. असं कितीतरी महिने चाललं, शेवटी कोणीतरी येऊन ते घोस कापून नेले. त्यानंतरही बाई रोज जाऊन बघत, नवे आलेत का.

जवळजवळ वर्षानं सईनं बातमी आणली. परुळेकर काकांचा कामाचा पास वाढवून मिळाला नव्हता, ते लोक परत चालले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून मी नवव्या मजल्यावर गेले.

घरभर खोकी होती. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे याची यादी चिकटवलेली. बाईंनी मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि पुन्हा एका खोक्याला चिकटपट्टी लावायला बसल्या. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, त्या दिवशी मोजायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलं होतं."

"हो," त्या म्हणाल्या.

"मी फोनवर होते."

"पाहिलं होतं मी."

"मग तुम्ही सगळ्यांसमोर असं का..."

"अगो, तुला इथं राहायचंय. सईला त्याच मुलांत वाढायचंय." त्यांनी चिकटपट्टी दातानं तोडली. "आणि दोघींची झोप कशाला घालवायची? मी तशीही जागीच असते."

मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि कात्री मागितली. थोड्या वेळानं, खोक्याकडे बघतच म्हणाल्या, "मृणालला सांगायचं असेल तर तुझ्यासाठी सांग. माझ्यासाठी नको."

मी त्याच संध्याकाळी मृणालकडे गेले. तिनं दार उघडलं, मी दारातच सांगितलं.  तिनं विचारलं, "कोणाचा फोन होता?"

"ऑफिसचा."

"महत्त्वाचा होता?"

"नव्हता."

तिनं मान हलवली आणि हळूच दार लावून घेतलं. आमची पूर्वीसारखी मैत्री पुन्हा झाली नाही. पण चार दिवसांनी, बाई निघाल्या त्या सकाळी, मी खाली गेले तर मृणाल आधीच येऊन उभी होती. अन्वीचा हात धरून. दुसऱ्या हातात प्रवासासाठी केलेल्या गूळपोळ्यांचा डबा.

परुळेकर टॅक्सीत सामान ठेवत होते. मृणालनं डबा पुढे केला. "बाई, मी तेव्हा तुम्हालाच दोष..." 

बाईंचं लक्ष अन्वीकडे होतं. त्या वर्षभरात तिच्या इतक्या जवळ आल्याच नव्हत्या. त्या वाकल्या. "जीभ दाखव."

अन्वीनं जीभ बाहेर काढली. बाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, ओठ बोटानं उलटून पाहिला. मग तिच्या गालाला हात लावून सरळ झाल्या.

"पोचलात की कळवा," मृणाल म्हणाली.

"कळवीन. तुम्ही वर जा आता. आभाळ आलंय."

माझा हात त्यांनी एकदा घट्ट दाबला आणि त्या मागच्या सीटवर बसल्या. पट्टा लावला, तो लागला आहे का ते ओढून पाहिलं, परुळेकरांनाही लावायला सांगितलं. टॅक्सी कार पार्कमधून वळून रस्त्याकडे निघाली. आम्ही हात हलवत होतो. मला वाटलं होतं, त्या एकदा तरी मागे बघतील, आमच्याकडे नाही तर निदान झाडाकडे. पण मागच्या काचेतून त्यांची फक्त पाठ दिसत होती. दोन सीटांच्या मधे वाकून त्या ड्रायव्हरला काहीतरी समजावून सांगत होत्या, हातानं रस्ता दाखवत, आणि तो मान डोलावत हळूहळू गाडी चालवत होता.